गिरणीवाल्याशिवाय

४ फेब्रुवारी

मुंगी,

पुस्तक अजून पाठवलेलं नाही. पाठवणार आहे. घरातलं बाकी काही तू मागितलं नाहीस, हे एक मागितलंस, ते मी विसरलेले नाही. निघताना म्हणालीस, फोन करू नकोस, काय सांगायचं ते लिही. म्हणून लिहिते आहे.

उशिराची दोन कारणं आहेत.

सराईचं पुस्तक आपण पाहायचो तसं राहिलेलं नाही. कपाटातून काढलं तेव्हा पाठीचं कातडं भुकटी होऊन बोटांना लागलं. पान दुमडलं तर फाटत नाही, मोडतं. पुरतं उघडलं तर शिवण तुटते. आहे तसं टपालात टाकलं तर तुला बहुधा एक खोकं मिळेल आणि खोक्यात भुसा.

दुसरं कारण असं की मी ते मोठ्याने वाचून साठवते आहे. हसू नकोस.

एक मंडळी आहे. त्यांनी एकमेकांना पाहिलेलं नाही. ज्या पुस्तकांचे हक्क संपले आहेत ती पुस्तकं ही माणसं आपापल्या घरी बसून वाचतात, आवाज साठवतात आणि वाटेल त्याने फुकट ऐकावा म्हणून ठेवून देतात. मला हे आमच्या कवळ्यांच्या लॅबच्या मालकांमुळे कळलं. ते दिवसभर कानात तार घालून मेणात दात लावत बसतात. मला वाटायचं गाणी ऐकतात. पुस्तकं ऐकतात. मला म्हणाले, घरात जुनं काही पडलं असेल तर वाच. नाहीतरी तू बोलत नाहीस, निदान वाच तरी.

मंडळींचा एक नियम आहे. पुस्तक खरोखर जुनं आहे हे दाखवावं लागतं. त्यासाठी पहिल्या पानाचं छायाचित्र पाठवायचं, ज्यावर छापल्याचं साल असतं. मी पाठवलं. लेखकाच्या नावाच्या जागी 'एका सराईवाल्याच्या लेकीने लिहिले' एवढंच आहे, हे तुला आठवत असेल. मला आठवत नव्हतं.

प्रत्येक वाचणाऱ्यामागे एक ऐकणारा असतो. तो छापील पान समोर ठेवून शब्दन् शब्द ऐकतो आणि चुका कळवतो. माझ्या ऐकणाऱ्याने तिथे 'कानसेन' असं नाव घेतलं आहे. बाई आहे की बाप्या, माहीत नाही. मी 'तो' म्हणते. त्याच्यासाठी मी सगळ्या पानांची छायाचित्रं काढून पाठवली. त्यात जानेवारी गेला.

वाचून झालं की पुस्तक तुझं.

ताई


२७ फेब्रुवारी

मुंगी,

तुझा निरोप फोनवर आला. "ते आपलं आहे. जगाला कशाला ऐकवतेस?"

पुस्तक आपलं आहे. कागद, पुठ्ठा आणि जे काही दोरे उरलेत ते. त्यातलं लिखाण आता कुणाचं नाही, म्हणून सगळ्यांचं आहे. लिहिणारी मेली, तिच्या मुलांना मिळायचं ते मिळून संपलं. मलाही ते पहिल्यांदा विचित्र वाटलं. मग कानसेनने कळवलं की त्याने पुष्कळ ठिकाणी शोधलं आणि या पुस्तकाची दुसरी प्रत त्याला कुठल्याच ग्रंथालयाच्या यादीत सापडली नाही. कुणाच्या तरी कपाटात असेलही. पण सापडत नाही. म्हणजे आपली ही मोडली की विषय संपला.

तुला जगाची काळजी नको. आजवर माझं काम ऐकलेलं जग म्हणजे कानसेन आणि मालक.

वाचायला आईच्या खोलीतल्या भिंतीतल्या कपाटात बसते. आत स्टूल जातं आणि दार लावून घेता येतं. तिचे कपडे तसेच टांगलेले आहेत. तू ते देऊन टाक म्हणाली होतीस. देणार होते. पण उघड्या खोलीत आवाज विहिरीत बोलल्यासारखा येतो आणि कपड्यांत तो नीट बसतो. पुस्तक संपेपर्यंत ते राहतील. वास येतो का, असं तुझ्या मनात येईल. आता येत नाही.

वरच्या मजल्यावरची बाई आठवडाभर शिवणयंत्र चालवते, म्हणून रविवारी दुपारी वाचते. मांडीवर उशी, उशीवर पुस्तक, अर्धंच उघडलेलं. पान बोटाने उलटता येत नाही, कोपरा हातात येतो. लॅबमधली मेण कापायची पातळ सुरी पानाखाली सरकवते आणि उचलते. त्याचा आवाज येतो, म्हणून आधी थांबायचं, मग पान उलटायचं, मग पुढचं वाक्य. मधला भाग नंतर कापून टाकायचा. अख्ख्या दुपारी जेमतेम दोन प्रकरणं होतात. तरी दर रविवारी स्टुलाखाली कागदाचे बारीक तुकडे पडलेले असतात. झाडून एका डबीत ठेवते. तुला तीही पाठवीन.

कानसेनने पहिल्या प्रकरणांबद्दल लिहिलं: "आवाज सपाट आहे. चालेल. काही जण रडू आणून वाचतात, ते तपासायला जास्त त्रास होतो. तुमचा 'स' मात्र स्वच्छ आहे." मी त्याला लिहिलं की तो माझा धंदाच आहे. वरचे दात केसभर पुढे बसले की 'स' शिट्टी मारतो आणि कवळी लॅबमध्ये परत येते.

त्याने विचारलं, सध्या तुम्ही बऱ्या आहात ना. मी लिहिलं, हो.

ताई


१९ मार्च

मुंगी,

पुस्तक कधी पाठवतेस, हा तुझा निरोप दोनदा आला. दुसरा चुकून आला असं धरून चालते.

दहा प्रकरणं झाली. अकराव्यात एक अडचण आहे. छापलेलं आणि मी वाचलेलं एका ठिकाणी जुळत नाही. किरकोळ आहे. पुढच्या रविवारी पुन्हा वाचीन.

तोवर दुसरं काहीतरी लिहिते, कारण पान अर्धं रिकामं आहे.

परवा दवाखान्यात एका म्हाताऱ्या गृहस्थांना नवी कवळी बसवली. कवळी बसवली की डॉक्टर माणसाला काहीतरी मोठ्याने वाचायला देतात आणि मी पलीकडे बसून ऐकते. गृहस्थांनी वर्तमानपत्र घेतलं आणि वाचेनात. डॉक्टर म्हणाले, वाचा आजोबा, काहीही वाचा. ते म्हणाले, "बायको गेल्यापासून मोठ्याने काही वाचलं नाही. तिला बातम्या लागायच्या, मला नाही." मग त्यांनी हवामान वाचलं. 'फ' फुटत होता. कवळी मी परत नेली, पुढचे चार दात काढून पुन्हा लावले. दुसऱ्या खेपेला त्यांनी पुन्हा हवामानच वाचलं, जुन्याच दिवसाचं. मालक म्हणाले, दात आपण देतो, बोल द्यायला आपल्या बापाला जमणार नाही.

आईच्या शेवटच्या दिवसाबद्दल तू पुन्हा काही विचारलेलं नाहीस. विचारलं होतंस तेव्हा मी सांगितलं की वेळ नव्हता. त्यात भर घालण्यासारखं माझ्याकडे काही नाही. हे उगाच लिहिलं. खोडत नाही, खोडलं की जास्त दिसतं.

ताई


९ एप्रिल

मुंगी,

"कुठली अडचण?" असं तू विचारलंस. फेब्रुवारीनंतर तू विचारलेला पहिला प्रश्न जो पुस्तक कधी पाठवतेस हा नाही. म्हणून उत्तर देते. नाहीतर दिलं नसतं.

अकरावं प्रकरण खेचराचं आहे.

घाटातली ती सराय, सराईवाला, त्याच्या दोन मुली आणि ते राखाडी खेचर. तू त्या खेचरासाठी जेवायची थांबायचीस. बाकीची माणसं पुस्तकात काय करतात याच्याशी तुला देणंघेणं नव्हतं.

आई वाचायची ते असं. उतारावर खेचराचा पाय दुखावला. त्याच्याने ओझं ओढवेना. तेव्हा खालच्या गावचा गिरणीवाला आला आणि त्याला आपल्याकडे घेऊन गेला. गिरणीवाल्याकडे ओझी नव्हती. तू विचारायचीस, तिथे त्याला कोण खाजवतं. आईने गिरणीवाल्याला मुलगी दिली. पुढच्या वेळी तू विचारलंस, मुलगी शाळेत गेली की मग कोण. आईने त्याला बायको दिली. मग एक लंगडं कुत्रं. गिरणीवाल्याचं घर वाढत गेलं.

छापलेलं असं आहे. खेचराचा पाय दगडात अडकून मोडतो. सराईवाला घरी नाही. धाकटी मीठ आणायला खालच्या गावात गेली आहे. थोरली बापाची बंदूक काढते. गोळी एका ओळीत आहे. मग हे वाक्य: "धाकटी परतण्याच्या आत थोरलीने खड्डा बुजवला आणि वरून पेंढा पसरला."

प्रकरण तिथे संपतं. गिरणीवाला कुठेही नाही. पुढेही नाही. खालच्या गावात गिरणीच नाही.

तुला तेव्हा वाचता येत नव्हतं. मला येत होतं. एकदा आई आत गेली असताना मी पान पाहिलं. तिने आल्याबरोबर ओळखलं. त्यानंतर खेचराची जागा आली की ती तुझ्या डोक्यावरून माझ्याकडे बघायची आणि मी मान हलवायची.

आता अडचण. मी अकरावं प्रकरण वाचून पाठवलं. कानसेनचं उत्तर आलं: "शेवटून दुसऱ्या पानावर गिरणीवाला छापलेला नाही. तुम्ही दुसऱ्या आवृत्तीतून वाचता आहात का? तसं असेल तर नियमाप्रमाणे त्या आवृत्तीच्याही पहिल्या पानाचं छायाचित्र लागेल, सालासकट."

मी ध्वनिमुद्रण लावून ऐकलं. त्याचं बरोबर होतं. पान समोर होतं, माझे डोळे पानावर होते, आणि मी गिरणीवाला वाचला होता. न अडखळता. कुत्र्यासकट.

मी त्याला लिहिलं, दुसरी आवृत्ती आहे, पण ती छापलेली नाही.

पुढच्या रविवारी पुन्हा वाचलं. या वेळी बंदुकीपर्यंत बरोबर गेले. मग पुन्हा गिरणीवाला आला.

तुला हे सांगावं की नाही, याचा विचार केला. पुस्तक तुझ्या हातात पडेल तेव्हा तू ते प्रकरण काढशीलच. आधी तेच काढशील. तर माझ्याकडून कळलेलं बरं. राग येणार असेल तर तो आईचा नको. ती तुला नेहमीच असं देत आली, कडा घासून.

ताई


२ मे

मुंगी,

तुझ्याकडून काही नाही. ठीक आहे.

तिसऱ्यांदा वाचलं. प्रत्येक शब्दावर बोट ठेवून वाचलं, शाळेतल्यासारखं. बोटाखाली कागद मोडला, 'पेंढा'मधला अर्धा 'ढा' गेला, पण सगळे शब्द छापल्याप्रमाणे वाचले. कानसेनने लिहिलं: "शब्द बरोबर. 'धाकटी'च्या आधी मात्र पुष्कळ वेळ काहीच नाही. फाईल बिघडली असं वाटलं. कापू का?" मी लिहिलं, कापा.

दोन दिवसांनी त्याने लिहिलं: "कापलं. आता ते वाक्य कुणीतरी मागे लागल्यासारखं येतं. पुन्हा वाचाल का? नको असेल तर हे एक प्रकरण दुसऱ्या कुणाला देता येईल. आमच्यात तसं चालतं. लोक समजून घेतात." मग खाली, वेगळ्या ओळीवर: "गिरणीवाला कोण, हे विचारलं तर चालेल का?"

मी लिहिलं, आमच्या घरातला आहे.

प्रकरण दुसऱ्याला द्यायला नाही म्हटलं. का, ते त्याने विचारलं नाही. विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. एखादी अनोळखी बाई चांगल्या आवाजात, नीट थांबत, त्या थोरलीला बंदूक काढायला लावील आणि ते फार बरं वाचलेलं असेल.

बाकीचं पुस्तक वाचून झालं आहे. विसावं प्रकरण गेल्या आठवड्यात संपलं. एवढं एक सोडलं तर काम पुरं आहे. ते न वाचताही पुस्तक तुला पाठवता येईल, कारण कानसेनकडे छायाचित्रं आहेत आणि माझ्याकडेही आहेत. हे मला फेब्रुवारीतही माहीत होतं. छायाचित्रावरून वाचता येतं. पान मोडत नाही, आवाज होत नाही, मांडीवर उशी लागत नाही.

मग पुस्तक का ठेवून घेतलं, असं तू विचारत नाहीस, पण विचारलंस असं समजून लिहिते. पुस्तक गेलं की तुला लिहायला मला काही कारण उरत नाही. एवढंच आहे. त्यात दुःख वगैरे काही नाही. सकाळी उठते, लॅबला जाते, साचे भरते, परत येते. भूक लागते. झोप लागते. मालक म्हणतात, तू घड्याळासारखी झाली आहेस. बरं चाललेलं घड्याळ, असं त्यांना म्हणायचं असावं.

एक सुचलं होतं. अकरावं प्रकरण दोनदा साठवायचं. एक छापलेलं, मंडळींसाठी. एक आईचं, फक्त तुझ्यासाठी, गिरणीवाल्याच्या सगळ्या घरादारासकट. ते मला एका दमात येतं. तुला हवं असेल तर कळव.

ताई


२१ मे

मुंगी,

तुझं पत्र मिळालं. फोनवरचा निरोप नाही, पत्र. टपालवाल्याने दारातून सरकवलं. पाकिटावरचं अक्षर पाहून आधी वाटलं, मीच पाठवलेलं परत आलं. आपलं अक्षर इतकं सारखं आहे, हे मला माहीत नव्हतं.

तुझी वाक्यं इथे उतरवून ठेवते, म्हणजे मी कशाला उत्तर देते आहे ते नीट राहील.

"खेचराचं मला लहानपणापासून माहीत आहे. मी तापात पडले होते आणि तुम्ही दोघी बाहेर होतात तेव्हा वाचलं. नुकतंच वाचायला येत होतं, त्या पानाला फार वेळ लागला. आईला सांगितलं नाही. गिरणीवाला आला की ती तुझ्याकडे बघायची, तू माझ्याकडे बघायचीस. मला वाटलं, तुम्हा दोघींना तो हवा आहे. म्हणून मी त्याच्याबद्दल विचारत राहिले. कुत्रं मी मागितलं होतं, तुमच्यासाठी."

आणि शेवटी:

"दुसरं ध्वनिमुद्रण नको. आता आईचं सांग. गिरणीवाल्याशिवाय."

पत्र लॅबमध्ये नेलं होतं. जेवणाच्या सुटीत पुन्हा वाचलं. मालकांनी विचारलं, काय गं, बरी बातमी आहे ना. मी म्हटलं, बहिणीचं पत्र आहे. ते म्हणाले, मग बातमी नंतर कळेल.

रविवारी कपाटात बसून अकरावं प्रकरण वाचलं. सुरुवातीपासून शेवटापर्यंत, मध्ये न थांबता. कानसेनने एका शब्दात कळवलं: "ठीक."

पुस्तक तुला वेगळं येईल. मालकांनी ते साचे पाठवायच्या खोक्यात बसवून दिलं, चारी बाजूंना स्पंज. कागदाच्या तुकड्यांची डबी कोपऱ्यात आहे. उघडताना अर्ध्याच्या पुढे उघडू नकोस. कपडे सोमवारी देऊन टाकले.

आता सांगते.

तू निघते आहेस, असा तुझा फोन आला तेव्हा आई शुद्धीवर होती. श्वास लागत होता, पण बोलत होती. मी तिला सांगितलं, मुंगी निघाली, उद्या रात्रीपर्यंत पोचेल. तिने मान हलवली. डॉक्टर आले. म्हणाले, श्वासासाठी मशीन लावावं लागेल, घशातून नळी जाईल, मग बोलता येणार नाही. आईने विचारलं, नळी निघाली की बोलता येईल का. डॉक्टर म्हणाले, बघू. आईला 'बघू' म्हणजे काय ते कळायचं. आयुष्यभर तिने आपल्याला 'बघू'च सांगितलं.

ते बाहेर गेले. ती मला म्हणाली, "मशीन लावतील. लावू दे. ते लोक त्याशिवाय ऐकायचे नाहीत. पण मुंगी यायच्या आत काढ."

मी म्हटलं, तिला भेटायचं नाही का तुला.

ती म्हणाली, "भेटायचंय. पण तिने मला भेटायला नको. अशी नको."

मी म्हटलं, ती मला विचारेल. काय सांगू.

ती म्हणाली, "सांग काहीतरी. तुला जमतं."

एवढंच बोलणं झालं. नंतर नळी घातली. डॉक्टरांना तिने सकाळीच सांगून ठेवलं होतं की मशीनवर फार वेळ ठेवू नका. ते त्यांच्या कागदांत होतं. मी त्यांना म्हटलं, तिची मुलगी उद्या येते आहे. ते म्हणाले, मग तोवर ठेवता येईल, काही अडचण नाही. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हाही हेच म्हणाले. माणूस चांगला होता. त्यांनी माझ्यासाठी खुर्ची आणून दिली.

मी रात्रभर बसले. तिच्याकडे पाहिलं. तिचं म्हणणं बरोबर आहे का, ते बघत होते. नळीने ओठ एका बाजूला ओढला होता. दात काढून ठेवलेले, त्यामुळे गाल आत गेलेले. हात बांधले होते, कारण झोपेत ती नळी ओढायला बघायची. तू आत आली असतीस तर पहिल्यांदा ते हात सोडवले असतेस.

दुपारी मी डॉक्टरांना सांगितलं, काढा. ते म्हणाले, मुलगी येणार होती ना. मी म्हटलं, तिचं येणं लांबलं आहे. त्यांनी काढलं. फार वेळ लागला नाही. शेवटी तिने काही केलं नाही, डोळे उघडले नाहीत, कुणाचं नाव घेतलं नाही. मी तिचा हात धरला नव्हता. उशी सरळ करत होते.

मग मी नर्सबाईंकडे तिची कवळी मागितली. मीच बनवलेली होती, खालची डावीकडे जरा सैल, त्याबद्दल ती नेहमी कुरकुर करायची. नर्सबाई म्हणाल्या, आता बसणार नाही. मला बसवता येते. जबडा आखडायच्या आत बसवावी लागते. बसवली, ओठ मिटवले, ओठाला नळीचा वळ होता तो ओल्या कापडाने पुसून पुसून कमी केला. हात सोडवून वर चादर ओढली, मनगटं दिसू नयेत म्हणून.

तू आलीस तेव्हा म्हणालीस, किती शांत दिसते आहे. तो चेहरा मी लावलेला होता.

मग तू विचारलंस, माझ्यासाठी थांबता आलं नसतं का. मी म्हटलं, वेळ नव्हता.

वेळ होता. आईला तो नको होता.

ताई